माझ्या कानापुरतं जंगल

पहिला दिवस

पहाटे उडुपीला गाडीतून उतरलो. मी हमाल आणि चहा शोधत होतो, आणि भाची फलाटाच्या पार टोकाला जाऊन मान तिरकी करून उभी.

"दोन आहेत," परत येऊन म्हणाली. "एक रुळांच्या खडीत, एक टाकीखाली."

मला एकच ऐकू येत होता. तोही तिने सांगितल्यावर.

भाची रातकिड्यांवर संशोधन करते. घरात हे सांगताना अजूनही सगळे जरा आवाज खाली आणतात. पीएचडीला बसण्याआधी तिला आठवडाभर नुसतं ऐकत हिंडायचं होतं, पकडायचं काहीच नव्हतं. सोबत म्हणून मामा. चौपन्न वर्षांचा, गुडघे बरे, दुर्बिणीतून पक्षी पाहण्यात बऱ्यापैकी मुरलेला. पक्षी ओळखता येतात तर किडे का नाही येणार, एवढ्या भरवशावर मी निघालो होतो.

उडुपीहून बसने कार्कळ आणि तिथून माळ. कुद्रेमुखच्या डोंगररांगेच्या थेट पायथ्याचं हे गाव. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चित्पावन घरं आहेत आणि घरात अजून चित्पावनी बोलतात. यजमान काका अंगणात सुपारी वाळत घालत होते. आम्ही रातकिडे ऐकायला आलो हे कळल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शेवटी आत हाक मारून दोन कप जास्त सांगितले.

संध्याकाळी पोफळीच्या बागेच्या कडेला बसलो. सूर्य डोंगराआड गेला आणि झाडांवरून करवत चालावी तसा आवाज सुरू झाला. मी वही काढली. भाची म्हणाली, "हे लिहू नकोस. हे सिकाडा. रातकिड्यांशी यांचं काही नातं नाही. हे पोटातल्या पडद्याने वाजवतात." वीसेक मिनिटांत तो गदारोळ ओसरला, आणि खालून, गवतातून, दगडांच्या सांदीतून एकेक सुटे आवाज वर येऊ लागले.

तिने मोबाइलवर कानाची एक चाचणी लावली, चढत्या सुरांची. आठ हजार हर्ट्झ : ऐकू आलं. दहा हजार : आलं. बारा हजारांना भास झाल्यासारखं काहीतरी. तेरा हजारांना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहून "हो" म्हणालो आणि पकडला गेलो. ती सतरा हजारांपर्यंत आरामात ऐकते.

"चालेल," ती म्हणाली. "रातकिडे बहुतेक दोन ते आठ हजारांत गातात. ते तुला येतील. केटिडिडचं मात्र अवघड आहे."

केटिडिड म्हणजे पानासारखे दिसणारे लांब मिशांचे हिरवे नाकतोडे. रातकिड्यांचे चुलतभाऊ. त्यांचा आवाज रुंद पट्ट्यात पसरतो आणि कित्येकांचा बराचसा भाग माणसाच्या कानापलीकडे जातो. म्हणजे समोरच्या झुडपात मैफल चालू असताना मी शांततेचं कौतुक करत बसलेलो असू शकतो. पहिल्याच रात्री हे कळलं, ते बरं झालं.

दुसरा दिवस

सकाळी करण्यासारखं काही नाही. रातकिड्यांचा अभ्यास करणारी माणसं उशिरा उठतात हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

दुपारी काकांनी घरामागची जुनी कोठी दाखवली. पूर्वी तिथे भात साठवत. आता कौलं निसटली आहेत आणि आढ्याला वटवाघळं लटकतात. पाच-सात होती. कान मोठाले, नाकावर पानासारखा उभा पडदा. भाचीने टॉर्च वर मारलाच नाही, थेट खाली जमिनीवर मारला, आणि गुडघ्यांवर बसली.

जमिनीवर पंखांचा सडा पडला होता. हिरवे, तपकिरी, काही पारदर्शक. धड कुठेच नव्हतं. हे वटवाघूळ, मेगाडर्मा स्पाझ्मा, किडा पकडून ठरलेल्या जागी आणतं, लटकून खातं आणि पंख-पाय खाली टाकतं. त्यामुळे त्याचं ताट तपासायचं तर खाली झाडू मारला की झालं.

आता यातली गोष्ट. नर गातो, मादी गप्प असते आणि आवाजाच्या रोखाने त्याच्याकडे जाते. मग शिकाऱ्याच्या तोंडी कोण पडणार? कोणीही म्हणेल, गाणारा. मीही तेच म्हणालो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने हेच तपासलं. रघुराम आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वटवाघळांच्या बसायच्या जागांखालचे अवशेष मोजले, तर केटिडिडच्या माद्या नरांपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. मग नराचा आवाज स्पीकरवरून वाजवून पाहिला : एकूण प्रयोगांपैकी साधारण एक तृतीयांश वेळाच वटवाघूळ त्याच्याकडे आलं. दोऱ्याला बांधलेला उडता केटिडिड मात्र दर वेळी हेरला आणि दर वेळी त्याच्यावर झडप पडली. गाणारा एका जागी पानाआड बसून असतो. हवेत उडत जावं लागतं ते तिला.

आम्ही त्या सड्यातून पंख वेचून दोन ढीग करायला बसलो. नराच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी वाजवायची जागा असते, ती भिंगातून ओळखू येते. अर्ध्या तासाने काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा-भाची वटवाघळांच्या लेंडीत बसून पंख निवडताहेत हे पाहून काही न बोलता परत गेल्या. ढिगांचे आकडे देत नाही. चाळीसेक पंखांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, असा मला दम मिळाला आहे.

गाणं महाग पडल्याची उलटी गोष्टही आहे, ती तिने तिथेच सांगितली. हवाई बेटांतल्या कवाईवर एक परकी माशी पोचली. ती रातकिड्याच्या गाण्याचा माग काढते आणि त्याच्यावर अळ्या सोडते, अळ्या त्याला आतून खातात. तिथे नरांमध्ये एक बदल उपजला : पंखावरची वाजवायची रचनाच सपाट झाली. मार्लीन झुक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिलं की वीसपेक्षाही कमी पिढ्यांत तिथले ९० टक्क्यांहून जास्त नर मुके झाले. मग त्यांना जोडीदार कसा मिळतो? उरलेल्या मोजक्या गवयांच्या आसपास घोटाळतात आणि त्यांच्याकडे निघालेल्या मादीला मध्येच गाठतात. यावर मी एक विनोद केला, तो इथे लिहीत नाही.

रात्री पाठ सुरू झाला. वाजतं कसं, इथपासून. रातकिडा पाय घासून गातो असं मी लहानपणापासून समजत होतो. पाय घासतात ते टोळ. रातकिडा पुढचे दोन पंख वर उचलून एकमेकांवर घासतो. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला एका शिरेवर कंगव्यासारखे दाते असतात, खालच्या पंखाची कड त्यावरून ओढली जाते आणि पंखाचा पातळ भाग डफासारखा थरारतो. रातकिड्यांत बहुधा उजवा पंख वर असतो, केटिडिडमध्ये डावा. ऐकायचा कान पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली. म्हणजे एखाद्याने पाय पुढे केला तर त्याने कान पुढे केला.

दात्यांची संख्या, त्यांतलं अंतर, पंख किती वेगाने मिटतो, एका दमात किती ठोके, दोन दमांत किती विसावा : जातीगणिक हे ठरलेलं असतं. मादीला आपल्या जातीचा नर अंधारात याच्यावरूनच ओळखायचा असतो. त्यामुळे ज्यांना आपण एकजात 'किर्रर्र' म्हणून मोकळे होतो, त्यांच्यात चूक खपत नाही.

"डोळे मिट. सर्वात जवळचा सोडून दे. त्याच्या मागचा पकड."

पक्ष्यांच्या सवयीने मी दिशेला धावत होतो. ती म्हणाली, लय धर. तासाभराने मला चार वेगळे काढता आले. तिच्या वहीत अकरा होते.

तिसरा दिवस

वर घाटाने कळसकडे मुक्काम हलवला. रस्ता कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानातून जातो. दिवसा जंगलात रातकिड्यांच्या दृष्टीने काही घडत नाही, तेव्हा थोडक्यात : डोंगरमाथ्यावर गवत, घळीघळींत गच्च सदाहरित रान, आणि मध्येच लोहखनिजाच्या बंद पडलेल्या खाणीचं गाव. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ अखेर खाण थांबली. ओस पडलेल्या वसाहतीत भिंतींवर चढलेले वेल पाहून मी हळवा झालो. भाची म्हणाली, अशा ओल्या पडक्या भिंती म्हणजे रातकिड्यांना फुकटचं घर.

याच जंगलात स्वाती दिवाकर आणि रोहिणी बालकृष्णन यांनी वीसेक गाणाऱ्या जातींची मोजदाद केली. कोण कधी गातो, कोण जमिनीवर, कोण झुडपात, कोण थेट शेंड्यावर, हे रात्री-रात्री बसून लिहिलं. मला त्यातली सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी हेही तपासलं की जाती मोजायला यंत्र बरं की माणूस. तयार झालेला कान विश्वासार्ह निघाला. गर्दीत दहा जण एकदम गाताना माणूस एकेक धागा सोडवतो, नुसत्या ध्वनिमुद्रणातून ते तितकं जमत नाही.

"तयार झालेला," भाचीने शब्दावर जोर दिला.

चौथा दिवस

उद्यानाच्या हद्दीत रात्री हिंडायला परवानगी नाही, म्हणून कळसजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात, मालकाला विचारून, त्याच्याच रस्त्यावर आम्ही रात्री आठला चालू लागलो. थंडी चांगलीच पडली होती. स्वेटर घातलेल्या माणसाला कीटकशास्त्र जरा कमी आवडतं.

आधी एका केटिडिडने आम्हाला थांबवलं. मेकोपोडा. हा माझ्या कानात मावतो. याची कथा ऐकण्यासारखी आहे. दक्षिण भारतातले मेकोपोडा समोर ठेवले तर दिसायला सगळे एक. विवेक नित्यानंद आणि बालकृष्णन यांनी त्यांची गाणी ऐकली, तर पाच वेगळी निघाली. २००६ च्या त्या लेखात त्यांची नावं अशी आहेत : चर्पर, डबल चर्पर, ट्रेन, हेलिकॉप्टर आणि टू पार्ट. शास्त्रज्ञ इतके घरगुती शब्द वापरतात याचं मला बरं वाटलं. आमच्यासमोरचा हेलिकॉप्टर असावा असं माझं मत पडलं, ते वहीत नोंदवून घेतलं गेलं नाही.

त्यानंतर, पावणेदहाला, ती एकदम थांबली. हात वर.

रस्त्याच्या कडेला, दगडी बांधाच्या तळाशी कोणीतरी गात होता. तीन ठोके आणि मोठी विश्रांती. तीन ठोके आणि मोठी विश्रांती. सावकाश, जणू विसरून मग आठवल्यासारखं. मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"हा माझ्या यादीत नाही," ती कुजबुजली.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आम्ही लाल दिव्याने बांध चाचपत सरकलो. लाल उजेड किड्यांना फारसा दिसत नाही, पण पावलांची थरथर कळते. दोन फुटांवर गेलो की तो गप्प. पाच-सात मिनिटं दगड होऊन थांबायचं, की पुन्हा तीन ठोके. असा दीड तास गेला. एकदा दगडांच्या फटीत लांब मिशा दिसल्या, हलल्या, आत गेल्या. एवढंच दर्शन.

मी विचारलं, नवी जात असेल तर पुढे काय?

त्यावर बांधावर बसून तिने जे सांगितलं त्याने माझा उत्साह हळूहळू जमिनीवर आला. आवाजाचं मुद्रण असून भागत नाही. प्राणी हातात हवा, शक्यतो नर आणि मादी दोन्ही, आणि पकडायला कागदोपत्री परवानगी. मुद्रणातलं गाणं त्याच नराचं, हे पक्कं हवं. मग पंखावरचे दाते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. नराच्या जननेंद्रियाची रचना काढायची, कारण सारख्या दिसणाऱ्या जाती तिथे वेगळ्या पडतात. डीएनए. एक नमुना आदर्श म्हणून निवडून संग्रहालयात कायमचा ठेवायचा, नाव त्या एका प्राण्याला बांधलेलं असतं. आणि याआधी कोणी त्याचं नाव ठेवलेलं नाही ना, हे पाहायचं. इथे खरी मेख आहे. भारतातल्या कित्येक रातकिड्यांची नावं एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात युरोपातल्या संग्रहालयांत बसून, टाचणीला टोचलेल्या सुक्या नमुन्यांवरून ठेवली गेली. वॉकरने लंडनमध्ये, शोपारने पॅरिसमध्ये. शोपारचा भारतातल्या रातकिड्यांवरचा जाडजूड खंड १९६९ चा आहे आणि आजही तो उघडावा लागतो. त्या टाचणीवरच्या किड्याचा रंग लिहिलाय, शिरा लिहिल्यात. तो गातो कसा हे कोणीच ऐकलेलं नाही.

"म्हणजे संग्रहालयात नावं आहेत, त्यांना आवाज नाही. इथे आवाज आहेत, त्यांना नाव नाही. बऱ्याचदा आमचं काम या दोन याद्या जुळवायचं असतं."

मुक्कामी पोचल्यावर तिने लॅपटॉप उघडला. मी पांघरुणात शिरून, नव्या जातीला मामाचं नाव देता येतं का याचा विचार करत होतो. (येतं. स्वतःचं देणं तेवढं गावंढळ समजतात.) बाराच्या सुमारास तिचा "अरे देवा" ऐकू आला.

सूर मोजला, तर माळच्या अंगणातल्या एका ओळखीच्या गवयाचाच होता. ठोके तीन, त्याचेही तीनच. फक्त सगळं ताणलेलं. माळला त्या रात्री २३ अंश होतं, इथे बांधाजवळ १४. किड्याचं अंग हवेइतकंच गरम असतं. थंडीत स्नायू संथ, म्हणून गाणं संथ. ही काही आजची माहिती नाही. अमेरिकेतल्या डॉल्बिअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्याच्या ठोक्यांवरून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं. तिला हे पाठ आहे. बांधाजवळचं तापमान तिनेच वहीत लिहिलं होतं, ठोक्यांच्या नोंदीच्या बरोबर वरच्या ओळीत.

"सांगू नकोस कोणाला," ती म्हणाली. मी नाव घातलेलं नाही, एवढी सवलत तिला पुरेल.

पाचवा दिवस

दिवसभर बस. बेंगळुरू. झोप.

सहावा दिवस

चिक्कबळ्ळापूरकडची माळरानं. कोरडी हवा, ग्रॅनाइटचे गोटे आणि कमरेएवढी रानतुळस. ही मूळची अमेरिकेतली, आता आपल्या पडीक जमिनींवर मनसोक्त माजलेली. तिच्या उग्र वासात दुपारभर आम्ही पानं उलटीपालटी करत फिरलो. शोधत होतो एक भोक.

इथे एकँथस हेन्राय राहतो. झाडावरचा रातकिडा, फिकट हिरवा, पंख काचेसारखे. याची अडचण भौतिकशास्त्राची आहे. गाण्याचा सूर तीन हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ध्वनिलहरीची लांबी अकरा-बारा सेंटिमीटर. पंख जेमतेम सेंटिमीटरभर. पंख थरारला की पुढून निघालेली लहर आणि मागून निघालेली लहर पंखाच्या कडेवरून वळून एकमेकींना पुसून टाकतात. स्पीकर पेटीतून काढून नुसता हातात धरला की आवाज पडतो, तसंच. मग काही नर काय करतात? मोठं पान निवडतात, मधोमध पंखाच्या मापाचं भोक कुरतडतात, त्यात डोकं घालून पंख भोकाच्या कडांना टेकवून गातात. पान झालं पेटी. नताशा म्हात्रे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की पानांची निवड दिली तर हा मोठं पानच घेतो आणि भोक मध्यावरच पाडतो. शिकवणारं कोणी नाही.

सगळेच नर असं का करत नाहीत, हा प्रश्न मला पडला, आणि तो आधीच रित्तिक देब आणि सहकाऱ्यांना पडून गेला होता. २०२० च्या त्यांच्या अभ्यासात भोकवाले निघाले ते बहुतेक लहान चणीचे आणि हळू आवाजाचे. माद्यांना मोठा आवाज आवडतो. पानामुळे याचाही आवाज मोठ्यांच्या तोडीचा होतो, मादी येते, आणि जवळून तो लहानखुरा आहे हे कळण्याजोगं असूनही त्याला कमी वेळ देत नाही. हा वेळ महत्त्वाचा : नराने दिलेली शुक्राणूंची पिशवी ती किती वेळ ठेवते आणि कधी काढून खाऊन टाकते, यावर त्याचं बापपण अवलंबून.

साडेचारला मला भोक सापडलं. मला, तिला नव्हे. रुंद पान, मधोमध तांदळाच्या दाण्याहून मोठी, लांबट खिडकी, कडा कुरतडलेल्या. भाचीने मापपट्टी लावली, फोटो काढला, पान झाडावरच राहू दिलं. फांदीला लाल दोरा बांधला आणि आम्ही गोट्यावर बसून अंधाराची वाट पाहिली.

सातनंतर रान वाजायला लागलं. मऊ, गोल, बासरीच्या एकाच स्वरासारखं. माझ्या बहिऱ्या वरच्या पट्ट्यांशी याचं काही भांडण नाही, सगळंच्या सगळं मला येत होतं. आम्ही लाल दोऱ्याकडे गेलो. खिडकी रिकामी. अर्धा तास थांबलो, रिकामीच. कोळ्याने नेला, की दुसऱ्या झुडपात गेला, कोण जाणे.

आणि तिथून दहा पावलांवर एक जण साध्या पानाच्या काठावर बसून, कसलीही पेटी न घेता, सगळ्या झुडपावर मात करत होता. पंख उभे केलेले, दिव्यात थरथर धुक्यासारखी दिसत होती. मोठा होता. त्याला काय गरज पानाची!

मी रेकॉर्डर पुढे केला, चाळीस सेकंद धरला, मग ओठांतल्या ओठांत तारीख, वेळ, झुडूप आणि जात सांगितली.

"तापमान," भाची म्हणाली.

सांगितलं. बावीस.